पोकरच्या हातांची संभाव्यता: टेबलावर बसल्यावर हिशोब कसा करावा

५२ पानांच्या कॅटमधून कोणतीही ५ पाने उचलली, तर एकूण २५,९८,९६० वेगवेगळे हात होऊ शकतात आणि त्यांपैकी फक्त ४ रॉयल फ्लश असतात. असे आकडे पोकर शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी पाठ करतो. ते अचूक आहेत, पण त्यांतून एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते: अजून एकही पान दिसलेले नसताना एकट्या माणसाला ५ पाने वाटली, तर काय येईल? प्रत्यक्ष खेळात हा प्रश्न कोणापुढेही नसतो. तिथे आपली दोन पाने आपल्याला दिसत असतात, नंतर बोर्डावरची सर्वांची सामाईक पाने दिसतात, आधी तीन (फ्लॉप), मग चौथे (टर्न) आणि पाचवे (रिव्हर), काही खेळाडू फोल्ड करून बाजूला झालेले असतात, आणि जे उरले आहेत ते काहीतरी कारणाने उरलेले असतात. म्हणून प्रत्येक नव्या पानानंतर आणि प्रत्येक बेटनंतर मोजणी नव्याने करावी लागते. ती कशी करायची, हे येथे सांगायचे आहे. सर्व उदाहरणे टेक्सस होल्डमची असून खेळाचे नियम वाचकाला माहीत आहेत, असे धरले आहे.

मूळ तक्ता कुठून येतो

पाठ केलेला आकडा ऐन वेळी विसरतो. स्वतः मोजलेला सहसा विसरत नाही. फुल हाऊस घेऊ. तिकडी कोणत्या पानाची असेल, याचे १३ पर्याय आहेत. त्या पानाच्या चार चिन्हांपैकी तीन निवडण्याचे ४ मार्ग आहेत. जोडीसाठी उरलेल्या १२ पानांपैकी एक निवडायचे, आणि त्याची दोन चिन्हे निवडण्याचे ६ मार्ग आहेत. १३ × ४ × १२ × ६ म्हणजे ३,७४४. फ्लशसाठी एका चिन्हाच्या १३ पानांतून ५ निवडण्याचे १,२८७ मार्ग आहेत, चार चिन्हांचे मिळून ५,१४८ होतात, आणि त्यांतून स्ट्रेट फ्लशचे ४० हात वजा केले की ५,१०८ उरतात. फ्लशपेक्षा फुल हाऊस वरचढ का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. जो हात कमी मार्गांनी तयार होतो, तो वरचा.

याच पद्धतीने स्ट्रेटचे १०,२०० हात निघतात, तिकडीचे ५४,९१२, दोन जोड्यांचे १,२३,५५२ आणि एका जोडीचे १०,९८,२४०. काहीच न जुळलेले हात १३,०२,५४० असतात, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. पाच पानांच्या खेळात दर दोन हातांपैकी एकात हाती काही लागत नाही.

क्रमवारी मोजणीवर अवलंबून असल्यामुळे कॅट बदलला की ती डळमळते. दुर्री ते पंजी काढून टाकून ३६ पानांनी खेळल्या जाणाऱ्या होल्डमच्या प्रकारात फ्लशचे फक्त ४८० हात उरतात आणि फुल हाऊसचे मात्र १,७२८ होतात. म्हणून तिथे बहुतेक ठिकाणी फ्लशला वर बसवतात. जोकर घेतला, तर गंमत याहून मोठी होते. ५२ पानांत एक जोकर टाकून तो कोणत्याही पानाच्या जागी चालतो असे ठरवले, तर जोडी आणि जोकर हातात असलेला खेळाडू साहजिकच तिकडी लावतो. त्यामुळे तिकड्या १,३७,२८० होतात आणि दोन जोड्यांचे हात १,२३,५५२ वरच राहतात. आता न्यायाने दोन जोड्यांना तिकडीच्या वर बसवावे म्हटले, तर तोच खेळाडू आपल्या जोकरने दोन जोड्या लावू लागतो, दोन जोड्यांचे हात २,०५,९२० वर जातात, तिकड्या पुन्हा ५४,९१२ वर येतात आणि केलेली दुरुस्ती चुकीची ठरते. या दोन हातांना न्याय देणारा क्रम तिथे लागतच नाही.

पाचाऐवजी सात पाने

होल्डममध्ये हात पाच पानांचाच लावायचा असतो, पण तो सात पानांतून निवडायचा असतो. सात पानांचे संच १३,३७,८४,५६० आहेत, आणि त्यांतील सर्वोत्तम पाच पाने धरली की चित्र बरेच बदलते. काहीच न जुळण्याचे प्रमाण ५० टक्क्यांवरून १७.४ टक्क्यांवर घसरते. एका जोडीचे प्रमाण ४२.३ वरून ४३.८ टक्क्यांवर जाते, म्हणजे जवळपास तिथेच राहते. दोन जोड्या मात्र ४.८ वरून थेट २३.५ टक्क्यांवर उडी घेतात. तिकडी ४.८ टक्के, स्ट्रेट ४.६ टक्के, फ्लश ३ टक्के आणि फुल हाऊस २.६ टक्के होतो. पाच पानांत फुल हाऊस सातशे हातांत जेमतेम एकदा येतो. सात पानांत तो सुमारे ३८ हातांत एकदा येतो. चौकडी ०.१७ टक्क्यांवर पोहोचते आणि रॉयल फ्लश ३०,९४० हातांत एकदा येतो.

या आकड्यांतून दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की सात पानांत ‘काहीच नाही’ हा हात दोन जोड्यांपेक्षा दुर्मीळ आहे, तरी क्रमवारीत तो सर्वांत खालीच राहतो, कारण क्रमवारी पाच पानांच्या मोजणीवरून घेतलेली आहे. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. तिकडी, स्ट्रेट, फ्लश आणि फुल हाऊस हे चार हात २.६ ते ४.८ टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात एकमेकांजवळ येतात. पाच पानांच्या तक्त्यावर वाढलेल्या खेळाडूला फ्लश म्हणजे जवळजवळ अजिंक्य वाटतो. सात पानांच्या खेळात तो तसा नसतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः लहान फ्लश घेऊन शेवटपर्यंत पैज वाढवत गेलो आणि समोर फुल हाऊस उघडल्यावर त्याला दुर्दैव म्हणालो. बोर्डावर दोन दश्श्या होत्या. दुर्दैवाचा तिथे काही संबंध नव्हता. मी चुकीचा तक्ता डोक्यात धरून बसलो होतो.

हातातील दोन पाने

सुरुवातीच्या दोन पानांच्या १,३२६ जुळण्या होतात. चिन्हांचा फरक बाजूला ठेवला तर त्या १६९ प्रकारांत बसतात, पण सगळे प्रकार सारख्या प्रमाणात येत नाहीत, आणि पुढचा सगळा हिशोब या फरकावर चालतो. प्रत्येक जोडी ६ प्रकारे येते, एकाच चिन्हाची दोन वेगळी पाने ४ प्रकारे येतात आणि वेगवेगळ्या चिन्हांची १२ प्रकारे. म्हणून एक्का-राजा १६ प्रकारे येतो, तर एक्क्यांची जोडी फक्त ६ प्रकारे. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा, कोणतीही एक जोडी १७ डावांत एकदा आणि एक्का-राजा सुमारे ८३ डावांत एकदा येईल, अशी अपेक्षा धरता येते.

टेबलावर किती जण बसले आहेत, यावर या आकड्यांचा अर्थ ठरतो. माझ्या हातात राजांची जोडी असेल तर समोरच्या एका ठरावीक खेळाडूकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहून किंचित कमी असते, कारण उरलेल्या ५० पानांच्या १,२२५ जुळण्यांपैकी ६ तशा आहेत. मात्र समोर आठ जण असतील तर ती ४ टक्क्यांच्या जवळ जाते. एक्क्यांच्या जोडीचेही तसेच आहे. एका अनोळखी हाताविरुद्ध ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पण नऊ जण कोणतीही पाने घेऊन शेवटपर्यंत थांबले तर फक्त ३१ टक्के वेळा. ती अजूनही टेबलावरची सर्वांत बळकट जुळणी असते, पण सर्वांना मिळून हरवील असे मानण्याचे कारण उरत नाही. चांगल्या जोडीवर आधीच रेज करून गर्दी कमी करण्याचा सल्ला देतात, त्यामागे हाच आकडा आहे.

फ्लॉपवर काय लागते

आपली दोन पाने सोडून उरलेल्या ५० पानांतून फ्लॉपचे १९,६०० प्रकार होतात. हातात जोडी असेल, तर तिसरे पान फ्लॉपवर येण्याची शक्यता ११.७६ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. हातात दोन वेगळी पाने असतील, तर त्यांपैकी निदान एकाची जोडी फ्लॉपवर लागण्याची शक्यता ३२.४ टक्के. तीनांपैकी दोन वेळा काहीच लागत नाही, आणि हे समोरच्यालाही तितकेच लागू आहे.

एकाच चिन्हाची दोन पाने हातात आली की नवखा खेळाडू हरखून जातो, आणि त्याची किंमत तो बहुधा वाजवीपेक्षा जास्त लावतो. तयार फ्लश फ्लॉपवरच येण्याची शक्यता ०.८४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ११९ वेळांत एकदा. चार पाने होऊन एक कमी पडण्याची शक्यता १०.९ टक्के आहे. पाचही पाने बघितली, तरी आपल्या चिन्हाची तीन किंवा अधिक पाने बोर्डावर येण्याचे प्रमाण ६.४ टक्केच भरते. एकच चिन्ह असणे चांगलेच, पण दोन कमकुवत पानांना फक्त चिन्हाच्या जोरावर खेळण्याजोगे बनवण्याइतके बळ त्यात नाही.

मोठ्या जोडीच्या बाबतीत उलटा प्रश्न विचारावा: फ्लॉपवर आपल्यापेक्षा मोठे पान येण्याची शक्यता किती? राजांच्या जोडीवर एक्का येण्याची शक्यता २२.६ टक्के आहे. राण्यांच्या जोडीवर एक्का किंवा राजा येण्याची शक्यता ४१.४ टक्के होते, गुलामांच्या जोडीवर ती ५७ टक्के आणि दश्श्यांच्या जोडीवर ६९.५ टक्के. राणी आणि गुलाम यांच्या जोड्या हातात घेताना जवळजवळ सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात राणीची जोडी निम्म्याहून जास्त फ्लॉपवर सर्वांत मोठी राहते आणि गुलामाची राहत नाही.

आउट कसे मोजावेत

जे पान आले की आपला हात जिंकणारा होईल, त्या पानाला आउट म्हणतात. फ्लॉपनंतर आपल्याला ५ पाने दिसलेली असतात आणि ४७ दिसलेली नसतात. टर्ननंतर न दिसलेली ४६ उरतात. इथे एक शंका नेहमी येते की इतरांच्या हातात गेलेली आणि डीलरने बाजूला टाकलेली पाने वजा का करू नयेत. त्याचे कारण सरळ आहे. ती पाने कोणती आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, आणि जे पान ठाऊक नाही ते कॅटमध्ये आहे की कोणाच्या हातात, याने आपल्या अंदाजात फरक पडत नाही. पान चुकून उघडे पडले, तर मात्र ते लगेच हिशोबातून काढावे.

फ्लशला एक पान कमी असेल तर ९ आउट असतात. टर्नवर लागण्याची शक्यता ९/४७, म्हणजे १९.१ टक्के, टर्न आणि रिव्हर मिळून ३५ टक्के. दोन्ही टोकांना उघड्या स्ट्रेटला ८ आउट असतात, एका पानावर १७ टक्के आणि दोन पानांवर ३१.५ टक्के. मधलेच पान हवे असलेल्या स्ट्रेटला ४ आउट असतात, ८.५ आणि १६.५ टक्के. टेबलावर बसून भागाकार करायचा नसेल, तर आउटला एका पानासाठी २ ने आणि दोन पानांसाठी ४ ने गुणावे, असा सोपा नियम आहे. आउट आठाहून जास्त झाले की ४ चा गुणाकार फुगू लागतो. १५ आउटवर तो ६० टक्के सांगतो, तर खरी शक्यता ५४.१ टक्के असते. अशा वेळी आठाच्या वर जितके आउट असतील तितके टक्के वजा करावेत. साठातून ७ गेले की ५३ उरतात, आणि ते पुरेसे जवळचे आहे.

खरी अडचण गुणाकाराची नसते, कोणते आउट खरे मानायचे याची असते. एक डाव जवळून पाहू. माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची दुर्री आहे. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची दश्शी आणि चौकटची सत्ती आली आहे. वरवर पाहता ९ इस्पिक उरलेले आहेत, म्हणून ९ आउट. आता समोरच्याकडे काय आहे, यानुसार ही संख्या हलते.

त्याच्याकडे राजा-राणी असेल आणि राणी इस्पिकची नसेल, तर मला उरलेले तीन एक्केही चालतात, म्हणून आउट १२ होतात. त्याच्याकडे एक्का-राजा असेल, तर एक्का आल्यावर माझी एक्क्यांची जोडी होईल, पण त्याच्या दोन जोड्या होतील. म्हणजे एक्के बाद आणि आउट पुन्हा ९. त्याच्याकडे लाल राजांची जोडी, म्हणजे आताच राजांचा सेट (हातातील जोडी आणि बोर्डावरचे तिसरे पान मिळून झालेली तिकडी) असेल, तर इस्पिकची सत्ती मला फ्लश देते आणि त्याच वेळी बोर्डावर जोडी लावून त्याला फुल हाऊस देते. ती सत्ती वजा केली की ८ आउट उरतात. शिवाय टर्नवर चांगले इस्पिक आले, तरी रिव्हरवर बोर्डाची जोडी लावणारी किंवा त्याला चौथा राजा देणारी १० पाने उरतातच. हे सगळे धरून पानापानाने मोजणी केली तर माझी जिंकण्याची शक्यता, राणी-गुलाम लागोपाठ येऊन स्ट्रेट लागण्याच्या थोड्या वेळांसह, सुमारे २५ टक्के निघते. पाठ केलेला आकडा ३५ होता. पाने तीच आणि बोर्ड तोच असूनही हा दहा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून आउटची संख्या उच्चारण्याआधी ‘कोणाविरुद्ध?’ हे विचारून घ्यावे.

बोर्डाकडे बघून मोजणे

स्वतःच्या हातापेक्षा बोर्डावरून मोजणी करण्याची सवय मला उशिरा लागली, आणि माझ्या मते या लेखातील सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. होल्डममध्ये पाच पाने सर्वांची सामाईक असतात. त्यामुळे मोठे हात खेळाडूंमध्ये स्वतंत्रपणे विखुरलेले नसतात. बोर्डाने परवानगी दिली तर ते अनेकांकडे येऊ शकतात, आणि दिली नाही तर कोणाकडेच येत नाहीत.

फ्लश होण्यासाठी बोर्डावर एका चिन्हाची निदान तीन पाने लागतात. पाच पानांच्या बोर्डांपैकी ६२.९ टक्के बोर्डांवर अशी तीन पाने नसतात, म्हणजे तिथे फ्लशचा विचारच करण्याचे कारण नाही. उरलेल्या ३७.१ टक्के बोर्डांवर मात्र फ्लशची शक्यता ३ टक्क्यांच्या सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त असते, कारण सगळ्या बोर्डांचे मिळून होणारे फ्लश त्यांच्यावरच गोळा झालेले असतात. फुल हाऊस आणि चौकडी यांचेही तसेच आहे. पाचही पाने वेगवेगळी असलेले बोर्ड ५०.७ टक्के असतात आणि त्यांच्यावर फुल हाऊस होऊच शकत नाही. दुसऱ्या निम्म्या बोर्डांवर तो होऊ शकतो आणि तिथे तो २.६ टक्क्यांच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट प्रमाणात असतो. ‘फुल हाऊस २.६ टक्के’ या वाक्याचा टेबलावरचा अर्थ म्हणूनच असा आहे: निम्म्या बोर्डांवर शून्य, निम्म्यांवर पाच टक्क्यांच्या वर.

फ्लॉप पडताच याची चाहूल लागते. तिन्ही पाने एकाच चिन्हाची असलेले फ्लॉप ५.२ टक्के असतात, दोन एका चिन्हाची असलेले ५५ टक्के आणि तीन वेगळ्या चिन्हांचे ३९.८ टक्के. जोडी असलेला फ्लॉप १७ टक्के वेळा पडतो. पानांकडे बघताना आधी हे तीन प्रश्न विचारावेत: चिन्हे किती, जोडी आहे का, आणि पाने एकमेकांना लागून आहेत का. आपल्याला काय लागले, हे त्यानंतर बघितले तरी चालते.

आता उरला तो प्रश्न, जे खेळाडू थांबले आहेत त्यांचा. सात पानांच्या तक्त्यातील १७.४ टक्के लोकांना काहीच लागत नाही, पण ते शेवटी पाने उघडायला क्वचितच थांबतात. त्यांनी आधीच फोल्ड केलेले असते. म्हणून शेवटी उघडलेले हात तक्त्यातील सरासरीपेक्षा बलवान असतात. तक्ता सगळ्यांना वाटलेल्या पानांचा असतो, आणि पैज मात्र निवडून उरलेल्या पानांशी लागते.

समोरच्याच्या जुळण्या मोजणे

यासाठी पुन्हा ६, ४ आणि १२ हे आकडे कामाला येतात, पण दिसलेली पाने वजा करून. वरचाच डाव घेऊ. बोर्डावर राजा, दश्शी, सत्ती आहे आणि समोरच्याने मोठी बेट लावली आहे. त्याच्या खेळावरून मला वाटते की अशी बेट तो सेट किंवा एक्का-राजा असतानाच लावतो. बोर्डावर प्रत्येक पान एकेक गेले असल्यामुळे राजांचा सेट ३ प्रकारे, दश्श्यांचा ३ प्रकारे आणि सत्त्यांचा ३ प्रकारे होतो, मिळून ९. सामान्यतः एक्का-राजा १६ प्रकारे होतो. एक राजा बोर्डावर असल्यामुळे ४ एक्के आणि ३ राजे, म्हणजे १२ उरतात. आणि इस्पिकचा एक्का माझ्याच हातात असल्यामुळे ३ एक्के आणि ३ राजे, म्हणजे ९. दोन्ही बाजू अगदी समसमान झाल्या.

हातात एक्का नसता तर एक्का-राजाचे पारडे १२ विरुद्ध ९ असे जड झाले असते. एका पानाने अंदाज एवढा हलतो. अशा पानाला खेळाडू ब्लॉकर म्हणतात. आता तो राजा-राणी घेऊनही अशीच बेट लावतो असे मानले, तर आणखी १२ जुळण्या जोडाव्या लागतात आणि सेटची शक्यता ३० मध्ये ९, म्हणजे ३० टक्क्यांवर येते. स्वतः माणसे ओळखावी लागतात हे खरे, पण ओळखल्यावर आकडेही जुळवावे लागतात. ‘त्याच्याकडे नक्की सेट आहे’ असे जेव्हा मनात येते, तेव्हा कागदावर ९ लिहून समोर बाकीच्या जुळण्या मांडाव्यात. बहुतेक वेळा ‘नक्की’ हा शब्द तिथेच गळून पडतो.

शक्यता आणि पॉट यांची सांगड

शक्यता एकटी निर्णय देत नाही. पॉटमध्ये ३०० चिप आहेत आणि समोरच्याने १५० चिपची बेट लावली, तर कॉल करायला मला १५० लागतात आणि कॉल केल्यावर पॉट ६०० होतो. १५० भागिले ६०० म्हणजे २५ टक्के. माझी जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून जास्त असेल, तर कॉल लाभाचा आहे.

येथे सर्वांत नेहमीची चूक होते. ९ आउट आहेत म्हणून ३५ टक्के, ३५ हे २५ हून मोठे, म्हणून कॉल. पण ३५ टक्के हा आकडा टर्न आणि रिव्हर दोन्ही पाने बघितल्याचा आहे. समोरच्याकडे चिप शिल्लक असतील, तर टर्ननंतर तो पुन्हा बेट लावील आणि रिव्हर बघण्यासाठी मला दुसऱ्यांदा किंमत मोजावी लागेल. या बेटसाठी तुलना एका पानाशी, म्हणजे १९ टक्क्यांशी करायला हवी, आणि १९ हे २५ हून कमी आहे. समोरचा याच बेटमध्ये ऑल-इन झाला असेल, तर मात्र दोन्ही पाने एकाच किमतीत मिळतात आणि ३५ चा आकडा धरणे योग्य ठरते. या दोहोंच्या मध्ये एक जागा आहे: फ्लश लागल्यावर समोरचा आणखी काही चिप देईल अशी खात्री असेल, तर १९ टक्क्यांवरही कॉल करता येतो. वरील डावात किती चिप आणखी मिळायला हव्यात, हे काढता येते. १९.१ टक्क्यांवर १५० चिपचा कॉल तोट्यात जाऊ नये, यासाठी एकूण पॉट सुमारे ७८५ चा व्हायला हवा. म्हणजे पुढे सुमारे १८५ चिप समोरच्याकडून यायला हव्यात. त्याच्यापुढे तेवढ्या चिपच नसतील, तर प्रश्न मिटला.

लांबलेल्या ओढीचा हिशोब

साडेआठ वेळांत एकदा सेट लागतो, हे वाक्य वाचून माणूस नकळत नवव्या वेळी सेटची वाट बघू लागतो. कॅटला मागचा डाव आठवत नाही. हातात जोडी असताना लागोपाठ २० वेळा फ्लॉपवर सेट न लागण्याची शक्यता ८ टक्के आहे. नियमित खेळणाऱ्याच्या वाट्याला अशी ओढ येतेच. २२१ डावांत एकदाही एक्क्यांची जोडी न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. तासाला ३० डाव आणि प्रत्येक डावात सातही पाने बघितली असे धरले, तरी ३०,९४० डावांना हजाराहून जास्त तास लागतात, आणि फोल्ड केलेले डाव वगळले तर रॉयल फ्लशसाठीचा काळ त्याच्याही कितीतरी पुढे जातो.

हे आकडे अंगवळणी पडावेत असे वाटत असेल, तर एकट्याने करण्यासारखा एक सराव आहे. कॅटमधून सत्तीची एक जोडी बाजूला काढून समोर ठेवावी, उरलेली ५० पाने पिसून तीन पाने उघडावीत, सत्ती आली की रेघ मारावी, आणि हे १०० वेळा करावे. सरासरीने १२ च्या आसपास रेघा पडाव्यात, पण ६ पडल्या किंवा १८ पडल्या तरी त्यात वावगे काही नाही. शंभराच्या नमुन्यात एवढी हालचाल सहज होते. दर वेळी पाने नीट पिसावी लागतात, नाहीतर आधीचा फ्लॉप एकत्रच वर येतो आणि मोजणी बिघडते. कॅटचे दोन भाग करून एकमेकांत फरफरत मिसळण्याच्या पद्धतीने ५२ पाने चांगली मिसळायला ७ वेळा पिसावे लागते, असे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले होते. १०० फ्लॉपसाठी ७०० वेळा पिसणे होते, म्हणून हा सराव एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरू नये.